वय वर्षं २०, तरी पहिल्याच सेल्फला!

टचस्क्रीन नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ईएमआय तर नाहीच नाही. तरीही शहरातल्या कित्येक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मारुती ८०० अजून ठाण मांडून आहे. ही म्हातारी खरंच भरवशाची आहे? काही मालकांना, एका गॅरेजवाल्याला आणि स्वतःच्या खिशाला विचारून मांडलेला हा हिशोब.

जुनी ८०० चालवणाऱ्याला दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, 'काढून टाक की आता!' दुसरी बॉनेटवर हात ठेवून हळवी होतात, 'आमच्याकडे होती गं. पांढरी.' मला दोन्ही रोज भेटतात. कारण बाबांनी डिसेंबर २००५मध्ये घेतलेली ८०० आता माझ्याकडे आहे आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती अजून इमानेइतबारे पळते.

थोडा फ्लॅशबॅक. डिसेंबर १९८३मध्ये पहिली ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मध्यमवर्गीय घरातली पहिली कार म्हणजे हीच, असं समीकरण पुढे कित्येक वर्षं टिकलं. एप्रिल २०१०मध्ये बीएस-४चा नियम आला आणि मुंबई-पुण्यात तिची विक्री थांबली. जानेवारी २०१४मध्ये उत्पादनच बंद झालं. म्हणजे पुण्यात नवी कोरी घेतलेली कुठलीही ८०० आज पंधरा वर्षांच्या पुढची आहे. आणि प्रत्येक मालकापुढे एकच प्रश्न आहे: ठेवायची की भंगारात द्यायची?

मालक म्हणतात...

कोथरूडच्या एका बँकवाल्या मैत्रिणीकडे सासऱ्यांची कार्बोरेटरवाली ८०० आहे. 'थंडीत सकाळी चोक ओढायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग निघायचं. घाई केली की रुसते,' ती सांगते. 'पण रस्त्यात बंद पडली, असं गेल्या चार वर्षांत झालेलं नाही.'

हिंजवडीतल्या एका आयटीवाल्याने हात साफ करायला म्हणून सेकंडहँड ८०० घेतली. त्याचा अनुभव जरा गरमागरम आहे. मे महिना, संध्याकाळचा जॅम, एसी चालू आणि टेम्परेचरचा काटा वर. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. 'पंख्याचा स्विच गेला होता, बस्स. पण तो काटा बघायची सवय नसती, तर हेड गॅस्केट उडालं असतं,' तो म्हणतो. आता तो गाणं बदलण्याआधी काटा बघतो.

तिसरी केस दादरच्या एका जोडप्याची. त्यांची गाडी बरीच वर्षं रत्नागिरीच्या घरी, समुद्राजवळ उभी होती. इंजिन एकदम टकाटक. पण मॅट उचललं तर खालचा पत्रा हाताने चुरा होण्याइतका गंजलेला. वेल्डिंगवाल्याने हात टेकले. चालू इंजिनाची गाडी त्यांनी भंगारात दिली.

तिन्ही गोष्टींत इंजिन कुठेच व्हिलन नाही, हे लक्षात आलं? रबर, वायर, केबल आणि पत्रा. वयाचा मार बसतो तो यांना.

बिघडायला आहे काय?

हा फंडा माझ्या गॅरेजवाल्याने एका वाक्यात सांगितला. 'ताई, यात बिघडायला आहे काय?' साधं स्टिअरिंग, हाताने फिरवायच्या काचा, केबलवर चालणारा क्लच. वजन साधारण साडेसहाशे किलो, त्यामुळे ब्रेक आणि सस्पेन्शनवर ताण कमी. शिवाय ७९६ सीसीच्या इंजिनांचं हेच खानदान ऑम्नीत २०१९पर्यंत आणि अल्टो ८००मध्ये २०२३पर्यंत चालू होतं. साहजिकच या इंजिनांवर हात बसलेले मेकॅनिक आजही गावोगावी आहेत.

याचा प्रत्यय मला ताम्हिणीत आला. घाट उतरताना क्लचची केबल तुटली. वीस वर्षं जुनी केबल तुटली, यात कुणाचा दोष म्हणायचा! ढकलत, टो करत माणगाव गाठलं आणि तिथल्या छोट्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात नवी केबल बसली. लॅपटॉप जोडून एरर कोड वाचायची भानगडच नाही. भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी नव्हे. बिघडली तर जवळच्या गावात दुरुस्त होणारी, आणि त्याआधी कुरकुर करून इशारा देणारी. फक्त ती कुरकुर ऐकायला म्युझिक सिस्टीमचा आवाज कमी करावा लागतो.

खिसा काय म्हणतो?

माझ्या वहीप्रमाणे गेल्या वर्षीचा दुरुस्तीचा खर्च २१ हजार. त्यात बॅटरी, दोन टायर, सस्पेन्शनचे बुश आणि सर्व्हिसिंग. नव्या छोट्या गाडीचे दोन-तीन हप्ते भरले की एवढे पैसे जातात.

पण सरकारी हिशोब वेगळा आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत पास करून घ्यायची. एप्रिल २०२२पासून नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार झालं आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १० हजार. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. शिवाय आता पंपावर ई२० पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. आणि एवढ्या जुन्या गाडीचे रबरी पाइप या मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते.

इथे मात्र सीरियस व्हा

आता प्रेमात न पडता बोलायचं, तर गाडी रोज चालू होणं आणि गाडीत सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८००मध्ये ना एअरबॅग, ना एबीएस. नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९पासून सक्तीची झाली. एक्स्प्रेस-वेवर शेजारून ट्रक सुसाटत गेला की ही हलकी गाडी हलते, आणि तेव्हा पहिल्या सेल्फला चालू होण्याचं कौतुक काही कामाचं नसतं.

डिसेंबरमध्ये माझ्या गाडीला वीस वर्षं पूर्ण झाली, तेव्हा घरात जोरदार चर्चा झाली. आई म्हणाली, 'काढ.' बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त किल्ली हातात घेऊन बसले. शेवटी मी पासिंग करून घेतलं, पण एका अटीवर: शहरात ही, हायवेला नाही. आईबाबांना मुंबईला न्यायचं असेल तर ट्रेन किंवा कॅब. बाबांना अट पटली नाही. पण त्यांनी मान्य केली.

तुमच्याकडेही अशी म्हातारी असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर हे बघाच:

* आधी पत्रा, मग इंजिन. मॅट उचला, दाराच्या खालच्या कडा आणि सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा तपासा. तिथे गंज असेल तर नमस्कार करून निघा.
* टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. उत्तर नसेल तर तो बदलायचाच आहे, असं समजा.
* गाडी दहा मिनिटं उभ्यानेच चालू ठेवा. पंखा आपोआप फिरला पाहिजे.
* पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप, सील नवे टाका. पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा.
* डिकीत क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक केबल ठेवा.
* घाट चढताना एसी बंद. ८०० सीसीकडून दोन्ही कामं एकदम मागू नका.
* आरसीची मुदत आजच बघा. संपली असेल तर वरची यादी वाचण्याआधी आरटीओ!