मिरजेची सतार परदेशात, कारागिराचे नाव कुठे?

मिरजेत ‘सतारमेकर’ हे आडनाव आहे. ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी. संस्थानांच्या फौजा मोडल्या, हत्यारांचे काम गेले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्ये घडवू लागले. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले. त्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला आजही संगीत सभा भरते. गवयांची ये-जा आणि कारागिरांचे हात, या दोहोंवर मिरजेचे नाव झाले.

हे काम यंत्राचे नाही. मंगळवेढ्याकडचा भोपळा वाळवायचा, आतून साफ करायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची. सर्वांत अवघड काम जवारी काढण्याचे. घोडीचा माथा इतका बेताने घासायचा की तार त्यावर हलकेच टेकून स्वर गुंजला पाहिजे. हे मापाने जमत नाही, कानाने जमते; आणि तो कान वडिलांजवळ वर्षानुवर्षे बसून तयार होतो.

आज लंडन किंवा टोरांटोचा विद्यार्थी घरबसल्या तंबोरा मागवतो. आनंदाची गोष्ट आहे. पण पडद्यावर फोटो दिसतो, हात दिसत नाही. दुसरीकडे बनलेली वाद्येही मिरजेची म्हणून खपवली जातात, ही इथल्या कारागिरांची जुनी तक्रार आहे. म्हणूनच त्यांनी भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला ते मिळाले.

मात्र प्रमाणपत्र भिंतीवर टांगून पोट भरत नाही. मानांकन संस्थेच्या नावे असते. प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती झाली, की मालावर ते चिन्ह लावण्याचा हक्क त्याला मिळतो. परदेशी माल पाठवायला आयात-निर्यात क्रमांक लागतो, तोही ऑनलाइन निघतो. छोट्या पार्सलांसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत.

विक्रीच्या पानावर चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : वाद्य कोणी घडवले, लाकूड कोणते, नक्षी हाडाची की प्लॅस्टिकची, आणि भोपळा प्रवासात फुटला तर भरपाई कोण देणार. वाजवून दाखवलेली छोटी चित्रफीत जोडावी, कारण तंबोरा डोळ्यांनी नव्हे, कानांनी घेतला जातो. पाठवताना तारा सैल कराव्यात आणि भोपळ्याभोवती भरपूर मऊ भरण घालावे. मालातला दोष लपवून विकणे आपल्या दीनात मना आहे. समोर न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत तर ही जबाबदारी वाढते.

वडिलांना इंग्रजी येत नाही, ही अडचण मोठी नाही. घरात शिकलेली मुलगी असते, सून असते. वर्णन लिहिणे, पत्रांना उत्तरे देणे, हिशेब ठेवणे ही कामे तिच्याकडे सोपवा आणि नफ्यात तिचा वाटा ठरवून द्या. मग कारखाना आणि दुकान दोन्ही घरात राहतील.

कारागिरीचा मान मिळवायला आपल्या बुजुर्गांच्या कित्येक पिढ्या खपल्या. तो मान कमी भावात दलालाच्या हवाली करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.