हिऱ्यातील कार्बन-14: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कार्बन-14 हा कार्बनचा किरणोत्सारी समस्थानिक असून त्याचा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे अणू निम्मे उरण्यास लागणारा काळ, सुमारे 5,730 वर्षांचा आहे. या गतीने पृथ्वीएवढ्या वजनाचा कार्बन-14 देखील दहा लाख वर्षांच्या आतच संपून गेला असता. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हिऱ्यात तो उरण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही त्वरक वस्तुमानमापी, म्हणजे अणूंना वेग देऊन वस्तुमानानुसार वेगळे करणारे व मोजणारे यंत्र, हिऱ्यासाठी शून्य न दाखवता एक सूक्ष्म आकडा दाखवते, आणि त्यावरून हिरे, पर्यायाने पृथ्वीच, काही हजार वर्षांची आहे असा दावा अमेरिकेत बायबलमधील सृष्टिकथा शब्दशः मानणारे गट करतात.

या दाव्याचे उत्तर कॅलिफोर्नियातील संशोधक आर. ई. टेलर व जॉन साउथन यांच्या 2007 च्या अभ्यासात सापडते, जरी त्याचा हेतू वाद घालण्याचा नसून यंत्राची पार्श्वभूमी, म्हणजे नमुन्यात नसलेल्या पण मोजणीत येणाऱ्या कार्बन-14 चे प्रमाण, तपासण्याचा होता. एरवी नमुना जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि त्यापासून ग्राफाइट बनवतात, व या प्रत्येक टप्प्यावर हवेतला आधुनिक कार्बन शिरू शकतो; हिरे मात्र थेट आयनस्रोतात, म्हणजे कार्बनचे विद्युतभारित कण निर्माण करणाऱ्या भागात, बसवता आले. त्यांची भासमान वये सुमारे 64,900 ते 80,000 वर्षे आली, आणि ज्या हिऱ्यांपासून कणांचा प्रवाह सर्वाधिक मिळाला, तेच सर्वांत जुने दिसले. हा तपशील निर्णायक आहे, कारण कार्बन-14 हिऱ्यातच असता तर प्रवाह वाढला तरी त्याचे प्रमाण बदलले नसते. आधीच्या नमुन्यांतून आयनस्रोतात मागे राहिलेल्या कार्बनसारखी यंत्राची भर मात्र हिऱ्याचा प्रवाह वाढताच तुलनेने क्षीण होते.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा की पार्श्वभूमी असल्यामुळे सगळीच कालमापने निरर्थक ठरतात. कार्बनचा हजारावा हिस्सा आधुनिक असेल, तर 10,000 वर्षे जुना नमुना जेमतेम 20 वर्षांनी अलीकडचा दिसतो. 50,000 वर्षे जुना नमुना मात्र सुमारे 3,000 वर्षांनी तरुण भासतो. म्हणजे ही बाधा अतिप्राचीन नमुन्यांनाच खऱ्या अर्थाने ग्रासते, आणि त्यांच्या बाबतीत तिची धास्ती रास्तच आहे.

म्हणूनच प्रयोगशाळा प्रत्येक फेरीत दगडी कोळसा किंवा अतिप्राचीन हाड असे कार्बन-14 नसलेले कोरे नमुनेही त्याच प्रक्रियेतून नेतात व त्यांचे मोजमाप मूळ आकड्यातून वजा करतात. हाडासाठी हाडच घ्यावे लागते, कारण कोळशाच्या तुलनेत त्याची शुद्धीकरणाची वाट निराळी असते व बाधाही निराळी. कोऱ्या नमुन्यांचे आकडेही दर खेपेस थोडे बदलतात, त्यामुळे वजाबाकीनंतर उरलेला संकेत त्रुटीच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर निश्चित वय सांगितले जात नाही, केवळ "अमुक वर्षांहून जुना" एवढीच नोंद केली जाते.