खुबा मोडला तर पट्टी, सळई की नवा गोळा?

औसा तालुक्यातल्या एका गावी सोयाबीन पाहायला गेलो होतो. ओसरीत बाजेवर एक म्हातारी पडलेली. बारा दिवसांपूर्वी न्हाणीत घसरली होती. एक पाय आखूड होऊन बाहेर वळलेला, मांडीला लेपाची पट्टी. "या वयात कापाकापी कशाला?" असे घरच्यांचे म्हणणे. विषय माझ्या खात्याचा नव्हे, पण गावोगाव हेच दिसते म्हणून समजून घेतले ते सांगतो.

मांडीचे हाड वरच्या टोकाला बहुधा दोन जागी मोडते. एक जागा गोळ्याखालची मान. ती मोडून सरकली की गोळ्याचे रक्त तुटते आणि तो बुडख्यापासून तुटलेल्या फांदीसारखा वाळू शकतो. म्हणून वयस्करांत तो काढून बहुधा धातूचा बसवतात. साधा गोळा आणि महागडा 'बायपोलर' यांत म्हाताऱ्या माणसाच्या चालण्याला फारसा फरक पडत नाही. हाडाच्या सिमेंटने पक्का केलेला मात्र अधिक मानवतो, असे अभ्यासांत दिसले आहे.

दुसरी जागा मानेच्या खाली. तिथे रक्त भरपूर, हाड जुळते. फक्त धरून ठेवावे लागते. बाहेरून पट्टी आणि सरकता स्क्रू लावतात किंवा हाडाच्या पोकळीत सळई घालतात. पहिल्याला डीएचएस, दुसऱ्याला पीएफएन म्हणतात. मोड साधा, दोन तुकड्यांचा असेल तर पट्टी सळईइतकेच काम देते आणि बहुधा स्वस्त पडते. तुकडे जास्त झाले किंवा मोड उलटा तिरपा गेला तर सळईच बरी. महाग बियाणे प्रत्येक रानात चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे! डॉक्टरांना एवढेच विचारा: मोड कोणत्या जागी आहे, आणि तो स्थिर आहे का?

वस्तूपेक्षा वेळ मोठी. प्रकृती मानवत असेल तर दोन दिवसांत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशी आधाराने उभे करणे, ही रीत. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. म्हातारी माणसे बहुतेक त्यानेच जातात.

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. रेशनकार्ड, आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

त्या म्हातारीला अखेर नेले. पाठीची जखम आटोक्यात येईपर्यंत शस्त्रक्रिया थांबली. लेकाने सातबारा आणला होता. आधार कार्ड घरीच राहिले, त्यात आणखी एक दिवस गेला.