नाक्यापलीकडचं जहाज

पहाटे ४:४५
सिॲटलच्या सी-टॅक विमानतळासमोरचा इंटरनॅशनल बुलेव्हार्ड. मोटेलच्या मागच्या आवारात छप्पन्न सीटची बस उभी आहे. जून लागलाय, तरी हवेत गारठा आहे. चालक हातात बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरतोय. प्रत्येक टायरवर दांडका हाणतो आणि आवाज ऐकतो. मग चाकांचे नट, दिवे, वायपर, आपत्कालीन खिडक्यांच्या कड्या. इंजिन सुरू करतो आणि ब्रेकच्या हवेचा दाब चढेपर्यंत थांबतो. काटा १२० वर गेला की इंजिन बंद करतो. ब्रेकवर पाय दाबून मिनिटभर काट्याकडे बघत राहतो. काटा हलत नाही. मग टॅबलेटवर नोंद करतो. त्याची ड्युटी इथून धरली जाते.

माणूस पंजाबचा, नवांशहरकडचा. आता कॅनडात, सरे शहरात राहतो. त्याआधी सहा वर्षं कळंबोलीत ट्रकवर होता. मी मराठी आहे कळल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "जेवला का?"

पहाटे ५:२०
मोटेलच्या खोलीत त्याचा छोटा राईस कुकर आहे. राजमा घरून डब्यात आलेला. मुक्कामाचं भाडं कंपनी भरते, जेवणाचा भत्ता ४० डॉलर देते. तो भत्त्यातले ३० तरी वाचवतो. थर्मासमध्ये चहा भरतो. पराठे फॉइलमध्ये गुंडाळतो. तासाला ३१ कॅनेडियन डॉलर मिळतात. आधी एका ठिकाणी फेरीवर पैसे होते. सीमेच्या नाक्यावर दोन तास गेले तर ते दोन तास फुकट जायचे. "अब घंटे का मिलता है, तो नींद अच्छी आती है," तो म्हणतो.

सकाळी ६:००
विमानतळाचा खालचा रस्ता, बॅगेज क्लेमचं दक्षिण टोक. बस लागायच्या आधीच रांग लागलीय. आज अडतीस प्रवासी. बहुतेक जण जहाजाचे. व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस धक्क्यावरून आज दुपारी अलास्काला जहाज सुटणार आहे. व्हँकुव्हरपेक्षा सिॲटलचं विमान स्वस्त पडलं म्हणून माणसं इथे उतरली आहेत. उरलेला अडीचशे किलोमीटरचा रस्ता ही बस जोडून देते.

जहाजं सिॲटलहूनही सुटतात. पण अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी चढवून दुसऱ्या बंदरात थेट उतरवता येत नाहीत. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याची असतात. त्यामुळे अलास्काच्या कितीतरी सफरी व्हँकुव्हरहून निघतात. या बसची अर्धी भाकरी त्या कायद्यावर आहे.

रांगेत सांगलीचे एक काका-काकू आहेत. मुलगी सॅन होजेला असते. तिने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिकिटं काढून दिली. काकूंच्या गळ्यात पासपोर्टची पिशवी आहे. दर दोन मिनिटांनी त्या ती चाचपतात.

सकाळी ६:१०
डिकीची तीन दारं वर उचलली जातात. चालक कमरेचा पट्टा आवळतो. बॅग उभी धरायची, गुडघे वाकवायचे, मांडीचा आधार देऊन आत लोटायची. हँडल बाहेरच्या बाजूला, म्हणजे काढताना ओढता येतं. सत्तावन्न बॅगा. विमानातून आलेली बॅग २३ किलोपर्यंतची असते. सरासरी २० धरली तर अकराशे चाळीस किलो. हे वजन आज चार वेळा हलणार आहे. इथे आत, नाक्यावर बाहेर, नाक्यावर पुन्हा आत, धक्क्यावर बाहेर. साडेचार टनांच्या वर जातं.

एक बाई विचारते, "बेलिंगहॅमला सोडाल का? वाटेतच आहे." सीट रिकाम्या आहेत. तरी तो नाही म्हणतो. कॅनडाच्या बसला अमेरिकेतल्या एका गावाहून अमेरिकेतल्याच दुसऱ्या गावाला प्रवासी नेता येत नाही. बाईला पटत नाही. तो दुसऱ्या बसचा थांबा दाखवतो आणि पुढची बॅग उचलतो.

सकाळी ६:३०
बस सुटते. तो माइकवर तीच वाक्यं म्हणतो जी रोज म्हणतो. पट्टे लावा. पासपोर्ट हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. फळं असतील तर आत्ताच खाऊन टाका. खाण्याच्या सगळ्या वस्तू नाक्यावर सांगा. दहा हजार डॉलर किंवा जास्त रोकड असेल तर तीही सांगा. गांजा वॉशिंग्टन राज्यात कायदेशीर आहे, कॅनडातही आहे, पण सीमेवरून नेणं गुन्हा आहे. मागच्या सीटवरची दोन पोरं एकमेकांकडे बघतात.

काकू विचारतात, "लसणीची चटणी चालेल का हो?"

"सांगायचं फक्त, माताजी," तो मागे न बघता म्हणतो. "सांगितलं की चालतं. लपवलं की नाही चालत."

सकाळी ७:०५
सिॲटल मागे पडलं. आज शनिवार, सकाळचा रस्ता मोकळा आहे. हा आय-५ महामार्ग मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जातो. वॉशिंग्टन राज्यातले मैलाचे दगड दक्षिणेकडून मोजत येतात. विमानतळाजवळ दीडशेच्या पुढचा आकडा होता. सीमेवर तो २७६ होईल. चालक घड्याळ बघत नाही, आकडे बघतो. कुठला आकडा किती वाजता यायला हवा, ते त्याला पाठ आहे.

टॅबलेटवर त्याचे तास सरकत आहेत. अमेरिकेत प्रवासी बसच्या चालकाला सलग आठ तास सुट्टी झाल्यावर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते. कॅनडात तीच मर्यादा तेरा तासांची आहे. सीमा ओलांडली की हिशेब बदलतो. झोप दोन्हीकडे तेवढीच लागते.

सकाळी ७:५०
स्कॅजिट नदीचा पूल. २३ मे २०१३ ला उंच माल लादलेला एक ट्रक या पुलाच्या वरच्या लोखंडी सांगाड्याला घासला आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. गाड्या पाण्यात गेल्या. तीन माणसं बाहेर काढली, कुणी दगावलं नाही. त्या दिवसांत तो इकडे ट्रकवर होता. जवळजवळ महिनाभर सगळी वाहतूक गावातल्या रस्त्यांनी वळवलेली होती. पुलावर आला की तो अजूनही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि बोलणं थांबवतो. पूल संपला की पुन्हा सुरू करतो.

काका विचारतात, ही शेतं कसली? ट्यूलिपची, एप्रिलमध्ये फुलतात. आता बटाटा दिसतोय. काका द्राक्षबागायतदार आहेत. ते पाट कुठे आहे, ठिबक कुठे आहे ते शोधत राहतात.

सकाळी ८:२५
बेलिंगहॅम विमानतळ. इथून दोघे चढतात, तेही जहाजाचे. उतरणारं कुणी नाही, उतरता येतही नाही. चार मिनिटांचा थांबा. तो दोन बॅगा टाकतो, थर्मासच्या झाकणात चहा ओततो आणि फोनवर नाक्याची रांग बघतो. दोन्ही देश ती सांगतात. गाड्यांची रांग पंचवीस मिनिटांची आहे. बसची रांग किती, ते पोचल्यावर कळतं. पुढे किती बस लागल्या आहेत, त्यातल्या किती माणसांना आत बोलावलं, यावर ते ठरतं.

"सगळा टाइम माझ्या हातात आहे," तो म्हणतो, "फक्त नाक्याचा नाही. आणि जहाज चुकलं तर नाक्याला कुणी शिव्या देत नाही."

सकाळी ८:५५
ब्लेन. डावीकडे थोड्या अंतरावर पीस आर्च आहे, सीमेवरच उभी केलेली १९२१ ची पांढरी कमान. पर्यटक तिथे फोटो काढतात. आमची बस २७५ नंबरच्या फाट्याला वळून ट्रकच्या नाक्याकडे जाते. पुढे एक बस उभी आहे. एकच. तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरतो.

सकाळी ९:१५
आमचा नंबर. सगळे खाली. डिकी उघडते. सगळ्या बॅगा बाहेर. ज्याची त्याने घ्यायची आणि हॉलमध्ये ओढत न्यायची. चालक वाकतो, ओढतो, ठेवतो. तिसाव्या बॅगेनंतर त्याच्या पाठीवर शर्ट चिकटलेला दिसतो. एक तरुण अमेरिकन त्याला हात द्यायला येतो. तो नको म्हणतो. कुणाच्या पायावर बॅग पडली तर जबाबदारी त्याच्यावर येते.

आत अधिकारी तेच विचारतात. कुठे चाललात? किती दिवस? काय आणलंय? काका-काकूंच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आहे, अमेरिकेचाही आहे. दोन्ही अनेक वेळा प्रवेशाचे. या सफरीला दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. आत्ता अमेरिकेतून कॅनडात. दुपारी धक्क्यावर पुन्हा अमेरिकेची तपासणी, कारण जहाज अलास्कात जाणार आणि अमेरिकन अधिकारी कॅनडा प्लेसमध्येच बसलेले असतात. आठवड्याने परत कॅनडा. काकूंनी चटणी सांगितली. अधिकाऱ्याने डबा बघितला आणि परत दिला.

सकाळी ९:४०
एकोणचाळीस जण बाहेर आले. एक नाही. बेलिंगहॅमला चढलेल्या दोघांपैकी नव्हे, सी-टॅकहून आलेला एक मुलगा, पंचविशीचा. त्याला कागद तपासायला आतल्या खोलीत नेलंय.

बॅगा पुन्हा डिकीत जातात. यावेळी तो सावकाश भरतो. मुद्दाम.

सकाळी ९:५८
चालक आत जाऊन विचारून येतो. अधिकारी म्हणतो, अजून वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. बसमध्ये चुळबुळ आहे. एक गृहस्थ पुढे येऊन म्हणतात, आमची जहाजावर चढायची वेळ साडेअकराची आहे. चालक मान डोलावतो. पुन्हा आत जातो. मुलाच्या हातात एक कागद देतो. त्यावर पुढच्या बसची वेळ आणि ऑफिसचा नंबर लिहिलाय. पाण्याची बाटलीही देतो. परत येऊन ऑफिसला फोन करतो, पुढच्या बसमध्ये एक सीट ठेवायला सांगतो. मग दार बंद.

मी काही बोलत नाही. तोच बोलतो. "एकाला ठेवून गेलो तर एकाचं नुकसान. थांबलो तर एकोणचाळीस जणांचं. कंपनीचा नियम आहे, माझा नाही. पण दार मीच लावतो."

सकाळी १०:२५
पाट्यांवर मैल संपले, किलोमीटर सुरू झाले. हायवे ९९. फ्रेझर नदीखालून जाणारा जॉर्ज मॅसी बोगदा. १९५९ चा, चार लेनचा. सकाळच्या गर्दीत त्यातल्या तीन शहराच्या दिशेने सोडतात. आठ लेनचा नवा बोगदा व्हायचाय. आज बोगद्यात अकरा मिनिटं जातात. मग रिचमंड, ओक स्ट्रीटचा पूल आणि शहरातले सिग्नल. बसला शहराचे सिग्नल महामार्गापेक्षा जास्त दमवतात. प्रत्येक सिग्नलला ब्रेक, प्रत्येक वळणाला आरसा.

सकाळी ११:२०
कॅनडा प्लेस. एक्स्पो ८६ साठी बांधलेली इमारत, छतावर पाच पांढरी शिडं. मागे जहाज, दहा मजल्यांच्या वर. काकू खिडकीतून वर बघतात, शेवटचा मजला दिसत नाही म्हणून मान आणखी वर करतात.

चौथ्यांदा डिकी. हमाल गाड्या घेऊन उभे आहेत. चालक बॅग काढतो, जमिनीवर ठेवतो, चिठ्ठी वर फिरवतो. लोक हात पुढे करतात. दोन डॉलर, पाच डॉलर, काही जण नुसतं थँक यू. साडेअकराचे गृहस्थ वीसची नोट देतात आणि घाईने निघतात. काका पाकिटात शोधत राहतात. त्यांच्याकडे फक्त मोठ्या नोटा आहेत. चालक म्हणतो, "बाबूजी, परत आल्यावर सांगलीचे बेदाणे पाठवा." काका त्याचा पत्ता लिहून घेतात. खरंच लिहून घेतात.

सकाळी ११:५०
थांब्यावर आता दुसरी बस येणार आहे, म्हणून हलावं लागतं. निघताना तो पाण्याच्या कडेने पश्चिमेकडे बोट दाखवतो. तिथे कोल हार्बरला कोमागाटा मारूचं स्मारक आहे. १९१४ मध्ये त्या जहाजातून ३७६ माणसं आली, बहुतेक पंजाबी. जहाज याच खाडीत दोन महिने अडवून ठेवलं. मोजक्या लोकांना सोडून कुणालाही उतरू दिलं नाही आणि शेवटी परत पाठवलं. "आमच्या भागातले लोक होते," तो म्हणतो. वर्षातून एकदा तो मुलांना तिथे नेतो. नावं वाचायला लावतो.

दुपारी १२:५०
सरेचं आगार. पराठे खाऊन झालेत, बसमध्येच. आता सफाई. सीटच्या खिशातून केळ्याची सालं, तिकिटं, मानेची एक उशी. उशीला तारीख आणि फेरीचा नंबर लावून पेटीत टाकतो. शौचालयाची टाकी रिकामी करतो, हातमोजे घालून, तोंड वळवून. डिझेल भरतो. बाहेरून ब्रश फिरवतो. या कामाला दुसरा माणूस असायचा. आता शनिवार-रविवारी चालकच करतो.

दुपारी २:१०
ड्युटी बंद. सव्वानऊ तासांच्या वर झाले. पगाराचे २९० च्या आसपास कॅनेडियन डॉलर, कर कापायचा आहे. टिपांचे ६१ अमेरिकन. ते तो वेगळ्या खिशात ठेवतो, मुलीच्या ड्रायव्हिंग क्लासचे. नाक्यावरच्या मुलाची चौकशी करतो. सुटला, पुढच्या बसने निघालाय. त्याचं जहाज कितीचं, ते ऑफिसला माहीत नाही.

मग तो उद्याचा कागद बघतो. रविवार, सकाळी नऊ, कॅनडा प्लेसहून सी-टॅक. जहाजावरून उतरलेले लोक, दुपारची विमानं. रविवारी दक्षिणेकडे नाका तुंबतो. तो ऑफिसातल्या बाईंना म्हणतो, वीस मिनिटं आधी सोडा. बाई यादी बघतात, प्रवाशांना मेसेज करावे लागतील म्हणतात, आणि दहा मिनिटं देतात. ती दहा मिनिटं पगारात धरणार का, हे तो तिथल्या तिथे विचारून घेतो. धरणार आहेत. मग तो कागदावर नऊ खोडून ८:५० लिहितो.