वावराचा ड्रोन नकाशा: पैसे देण्याआधी हे वाचा



मागच्या दोन आठवड्यांत बऱ्याच सभासदांनी एकच विचारलं, "ड्रोनवाला आलाय, वावराचा नकाशा काढून देतो म्हणतो. काढावा का?"

थोडक्यात उत्तर: पाणी कुठं साचतं आणि कुठून काढायचं हे बघायचं असेल तर काढा. धुऱ्याचं भांडण मिटवायचं असेल तर काढू नका. मेसेज जरा लांब आहे, पण सवडीने पूर्ण वाचा.

*नकाशा तयार कसा होतो?*
फवारणीचा ड्रोन वेगळा, नकाशाचा वेगळा. नकाशाचा ड्रोन लहान असतो, त्याला टाकी नसते, खाली फक्त कॅमेरा असतो. साधारण 60 ते 100 मीटर उंचीवरून तो औतासारखा या टोकाचा त्या टोकाला जातो, परत येतो आणि फोटो घेत राहतो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा 70 ते 80 टक्के भाग पुन्हा येतो. त्यामुळे वावरातला एकच दगड पाच-सहा फोटोंत वेगवेगळ्या कोनातून दिसतो. त्यावरून कॉम्प्युटर दोन गोष्टी करतो: सगळे फोटो जोडून एक मोठा नकाशा बनवतो आणि कुठं उंच, कुठं खोलगट हे काढतो.

यासाठी ओपनड्रोनमॅपसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. म्हणूनच कमी पैशात हे काम बऱ्याच देशांत झालं. टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरात विद्यार्थ्यांनी आणि वस्तीतल्या लोकांनी 'रमानी हुरिया' या उपक्रमात ड्रोनचे फोटो वापरून नाले, गटारी आणि पाणी तुंबणाऱ्या वस्त्यांचे नकाशे केले. आपला प्रश्नही तोच आहे, फक्त वस्तीच्या जागी वावर.

*उपग्रहाचा फोटो फुकट मिळतो, मग ड्रोन कशाला?*
सेंटिनेल-2 या उपग्रहाचे फोटो साधारण पाच दिवसांनी मिळतात आणि फुकट असतात. पण त्यातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. अख्खा एकर चाळीस ठिपक्यांत संपतो. त्यात पीक एकूण कसं आहे ते कळतं, पण नाली कळत नाही. शिवाय पावसाळ्यात ढग आडवे येतात. ड्रोनच्या नकाशात एक ठिपका दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. त्यात तुटलेला बांध, बुजलेली चारी, विरळ उगवण स्वच्छ दिसते.

*खरा उपयोग: चिबड जागा*
2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, ती कोणी विसरलेलं नाही. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. उतार इतका कमी की डोळ्याला रान सपाटच दिसतं. 100 मीटरला अर्धा मीटर उतार असला तरी उभं राहून कळत नाही, पाण्याला मात्र कळतो. खोलगट जागी सोयाबीन आधी पिवळं पडतं, मग मुळं कुजतात.

उंच-सखल नकाशा असला तर चर कुठून काढायचा आणि रुंद वरंबा सरीने पेरताना तास कोणत्या दिशेने ठेवायचं हे पेरणीआधी ठरवता येतं.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा:

1) *उघड्या रानात काढा.* ड्रोनला पिकाचा शेंडा दिसतो, खालची माती नाही. तूर किंवा कापूस उभा असताना काढलेली उंची जमिनीची नसते. म्हणून हरभरा, गहू निघाल्यावर, मृगाच्या आत.

2) *एकट्याचं वावर काढू नका.* तुमच्या दोन एकरात पाणी कुठं साचतं ते कळेल, पण ते जाणार कुठं? खालच्याच्या रानात. मग पाण्यावरून भांडण. ओढ्यापर्यंतच्या सगळ्या वावरांचा एकच नकाशा हवा आणि चर कुठून जाईल हे सगळ्यांनी बसून ठरवायला हवं.

3) *ताडून बघा.* साध्या ड्रोनच्या उंचीत चूक राहू शकते. पहिल्या मोठ्या पावसानंतर नकाशा घेऊन धुऱ्यावर जा. पाणी नकाशात दाखवलंय तिथंच साचलं का बघा, मगच जेसीबी लावा.

*धुऱ्यासाठी का नाही?*
साध्या ड्रोनच्या जीपीएसमध्ये दोन-तीन मीटर चूक सहज असते. 100 मीटर लांब धुरा तीन मीटर सरकला तर 300 चौरस मीटर, म्हणजे जवळपास तीन गुंठे इकडचे तिकडे. असा नकाशा दाखवून शेजाऱ्याशी वाद घालाल तर भावकी तुटेल, हातात काही येणार नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणीची 'क' प्रत हाच कागद चालतो.

काही जण म्हणतात, "सरकारचा ड्रोन गावावरून गेला, आता शेताची मोजणी झाली." तसं नाही. ती स्वामित्व योजना, 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेली. त्याचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. त्यात गावठाणातल्या घरांच्या हद्दी चुन्याने आखून ड्रोनने मोजतात आणि मिळकत पत्रिका देतात. शेतजमीन त्यात येत नाही.

*नुकसान झाल्यास*
ड्रोनचा फोटो जवळ असावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तलाठ्याला आणि कृषी सहाय्यकाला कळवा, पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा.

*ड्रोनवाल्याला हे विचारा*
• ड्रोनचा नोंदणी क्रमांक आहे का? ड्रोन 250 ग्रॅमपेक्षा जड असेल आणि तो पैसे घेऊन उडवत असेल, तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ड्रोन नियम 2021 चे आहेत.
• डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, हे बघितलं का? हिरव्या क्षेत्रातही 120 मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. येलदरी धरण आणि वीजघराकडे परवानगीशिवाय कोणालाही उडवू देऊ नका.
• नुसते फोटो देणार, की जोडलेला नकाशा आणि उंचीची फाईलही? दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या. उंचीची फाईल नसेल तर पाण्यासाठी तो नकाशा कामाचा नाही.

*आता काय करायचं*
एकाच ओढ्याला लागून असलेले पाच-सहा सभासद एकत्र या. ज्याच्या रानातून पाणी शेवटी बाहेर पडतं, त्याला आधी विचारा. त्याचा होकार नसेल तर नकाशाचा खर्च वाया. सगळ्यांचे गट नंबर एकाच मेसेजमध्ये लिहून याच नंबरवर पाठवा. गट जमले की कंपनी एकत्र दर ठरवेल आणि कळवेल. तोपर्यंत कोणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

पाणी खालच्याला विचारून काढलं तर चर टिकतो, नाहीतर पुढच्या वर्षी बुजवलेला सापडतो.

– आपला कृषी सल्लागार