जुन्या संगणकाची स्मृति आणि चित्रशक्ति

घरांतील जुनी वस्तु टाकून द्यावी कीं डागडुजी करून वापरावी, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पितळेच्या पातेल्याला कल्हई केली कीं तें पुन्हां चुलीवर चढतें; छत्रीला नवी काडी घातली कीं तिचा आणखी एक पावसाळा निघतो. संगणक मात्र मंदावला कीं ‘आतां नवाच घ्या’ असा सल्ला चटकन् मिळतो. हा सल्ला कधीं खरा असतो, कधीं नसतो. तो केव्हां मानावा व केव्हां मानूं नये, हें प्रत्येक कुटुंबास स्वतः ठरवितां यावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं २०१२-१३ च्या सुमारास घेतलेला एक मेजावरचा संगणक आपण डोळ्यांपुढें आणूं. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, एच ६१ जातीचा मदरबोर्ड, ४ गिगाबाइट रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाहीं. विकत घेतला तेव्हां तो चपळ होता. आज ब्राउझरचीं चार पानें उघडलीं कीं तो खोळंबतो. त्याचा कोणता अवयव थकला आहे, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृति. तिची रचना रॉबर्ट डेनार्ड यांनीं आय.बी.एम. मध्यें असतांना शोधून काढली. त्यांना तिचें पेटंट १९६८ सालीं मिळालें. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा अल्पसा सांठा धरणारा एक कपॅसिटर, इतकीच तिच्या एका कणाची सामुग्री. हा सांठा सारखा झिरपत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत तो पुन्हां भरावा लागतो, आणि वीज गेली कीं सारें विस्मृतींत जातें. उलट हार्ड डिस्कवर लिहिलेलें वीज गेली तरी टिकतें. रॅम म्हणजे लिहिण्याचें मेज आणि डिस्क म्हणजे भिंतींतलें फडताळ, असें समजावें.

मेज भरून गेलें कीं संगणक कांहीं कागद फडताळांत ठेवतो व लागतील तसे परत काढतो. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकांत १९६२ सालीं ही युक्ति प्रथम उपयोगांत आली आणि ती आजहि चालू आहे. परंतु तिची किंमत वेळानें मोजावी लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरचा एखादा मजकूर हातीं येण्यास सुमारें १० मिलिसेकंद लागतात. रॅममधून तोच मजकूर त्याच्या एक लक्षांश वेळांत मिळतो. रॅमला जें काम करण्यास एक सेकंद लागतो असें मानलें, तें करण्यास तबकडीला एक दिवसाहून अधिक वेळ लागेल! यंत्र म्हातारें झालेलें नसतें. त्याचे सारे श्रम मेज-फडताळांमधल्या येरझारांत संपत असतात.

याचें निदान घरच्या घरीं होतें. रोजचीं सारीं कामें एकदम उघडावीं आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्या. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर नांवाची खिडकी उघडेल. तींत मेमरीचा आंकडा शेंकडा नव्वदाच्या वर आणि डिस्कचा शंभराजवळ खिळून राहिला असेल, तर रॅमची टंचाई आहे. मेमरी मोकळी असून डिस्कच शंभरावर असेल, तर तबकडीच्या जागीं एस.एस.डी. बसविणें हा उपाय. पण केवळ चित्रफीत पाहतांना प्रोसेसरचा आंकडा शंभराकडे धांवत असेल, तर बहुधा उणीव चित्रशक्तीची समजावी.

आतां खरेदीविषयीं. आपल्या उदाहरणांतील मदरबोर्डास डी.डी.आर. ३ जातीचीच रॅम लागते. डी.डी.आर. २ व ३ या दोहोंच्या पट्ट्यांवर २४० टांके असले तरी खांच निराळ्या ठिकाणीं असते, डी.डी.आर. ४ वर टांकेच २८८. एक जात दुसरीच्या जागीं बसत नाहीं, आणि बळ लावून बसवूंहि नये. एच ६१ बोर्डावर सामान्यतः दोन जागा असून दोहोंत मिळून जास्तींत जास्त १६ गिगाबाइट रॅम चालते. घरगुती कामास ८ गिगाबाइट पुष्कळ झाली. मात्र ती आठाची एक पट्टी न घेतां चाराच्या दोन घ्याव्या, कारण प्रत्येक पट्टीस स्वतःचा रस्ता मिळतो. १६०० वेगाच्या एका पट्टीवरून सेकंदाला १२.८ गिगाबाइट मजकूर जाऊं शकतो, तर दोहोंवरून २५.६. आणखी एक दक्षता अशी कीं, विंडोज ३२ बिटांची असेल तर चार गिगाबाइटांपलीकडची रॅम घरगुती आवृत्तींस वापरतांच येत नाहीं; ती आधीं ६४ बिटांची करून घ्यावी.

पट्टी बसवितांना भिंतींतली वायर काढावी, पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगांतली स्थिर वीज घालवावी, आणि पट्टी कडेनें धरून दोन्ही बाजूंच्या खिट्या ‘टक्’ वाजेपर्यंत सारखी दाबावी. संगणक सुरू न झाल्यास घाबरूं नये. पट्टी काढून तिचे सोनेरी टांके स्वच्छ खोडरबरानें हलकेच पुसावे आणि ती पुन्हां नीट बसवावी.

चित्रशक्तीचा विषय येथूनच सुरू होतो. कारण ज्या संगणकांत स्वतंत्र कार्ड नसतें, तेथें पडद्यावरचें चित्र रेखाटणारा भाग प्रोसेसरच्याच पोटांत असून तो मुख्य रॅममधूनच जागा उसनी घेतो. म्हणून रॅमची जोडी बसविली कीं चित्रासहि रुंद रस्ता मिळतो, आणि पुष्कळ घरांत खर्च येथेंच थांबवितां येतो.

मग कार्ड कोणाला लागतें? खेळ खेळणारांस, चित्रफितींचें संपादन करणारांस, आणि क्वचित् केवळ धडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसहि. तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधील चित्रयंत्रणेस एच. २६४ ही जुनी पद्धत स्वतः उलगडतां येते. परंतु यूट्यूब आज पुष्कळदां वापरतें ती व्ही.पी. ९ पद्धत तिला ठाऊक नाहीं. तें ओझें मुख्य प्रोसेसरवर पडतें आणि पंखा घोंघावूं लागतो. २०१७ सालचें एनव्हिडियाचें जी.टी. १०३० हें कार्ड व्ही.पी. ९ स्वतः उलगडतें, सुमारें ३० वॅटच वीज घेतें आणि तीहि मदरबोर्डाच्या खांचेंतूनच. त्याहून स्वस्त मिळणारें जी.टी. ७१० हें २०१६ सालीं बाजारांत आलें खरें, पण आंतील रचना त्याहूनहि जुनी; व्ही.पी. ९ त्यालाहि येत नाहीं. चित्रफितींसाठीं तें घेणारा फसतो.

फसगतीचा आणखी एक प्रकार आहे. जी.टी. १०३० याच नांवाचीं दोन कार्डें निघालीं, दोहोंवर ‘२ गिगाबाइट’ हाच आंकडा. पण एकाची स्मृति जी.डी.डी.आर. ५ जातीची, सेकंदाला ४८ गिगाबाइट देणारी, दुसऱ्याची डी.डी.आर. ४, केवळ १६.८ देणारी. खेळांत दुसरें फार मागें पडतें. तेव्हां आंकडा किती यापेक्षां जात कोणती, हें खोक्यावर वाचूनच पैसे मोजावे.

मोठें कार्ड घेणारांनीं विजेचा हिशेब आधीं करावा. खांचेंतून कार्डास ७५ वॅटच मिळतात. अधिक लागल्यास वीजपुरवठ्याच्या पेटीपासून वेगळी तार आणावी लागते, आणि जुन्या पेट्यांचा भरंवसा धरवत नाहीं. पेटीची उंची मोजावी. त्या काळचे कांहीं मदरबोर्ड नवीं कार्डें ओळखीत नाहींत, म्हणून तीं परत घेण्याच्या बोलीवरच घ्यावीं.

शेवटीं मर्यादाहि सांगितली पाहिजे. विंडोज १० चा नेहमींचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादींत तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला स्थान नाहीं. कितीहि रॅम घातली तरी ही अडचण सुटत नाहीं. लिनक्स शिकण्याची तयारी असल्यास असा संगणक लेखन, वाचन व अभ्यास यांस उपयोगी पडेल. बँकेच्या व्यवहारांसाठीं मात्र आधार संपलेली प्रणाली वापरूं नये. आणि दुरुस्तीचा एकूण खर्च एखाद्या बऱ्या, नवीनतर पिढीच्या वापरलेल्या संगणकाच्या निम्म्या किंमतीवर गेला, तर तेथें हात आवरावा हेंच शहाणपण.

जगांत २०२२ सालीं ६ कोटि २० लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला. त्यांतील कांहीं यंत्रें खरोखरच निकामी झालीं असतील; पण कित्येकांना केवळ दोन पट्ट्यांची उणीव होती, आणि ती कोणीं पाहिली नाहीं. आपल्या घरांतील यंत्र त्या ढिगावर जाण्यापूर्वीं तीन कळा दाबून तें एकदां तपासावें, एवढीच विनंति.