गोठ्यातलं जनावर दगावलं, तर मदत कशी मिळवायची?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींनी कर्ज काढून बकऱ्या घेतल्या, म्हैस घेतली. जनावर गेलं तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पूर आला, तेव्हा पिकांबरोबर जनावरंही वाहून गेली. अशा वेळी सरकारी मदत मिळते, पण ती कागदावर चालते. म्हणून आज ही माहिती नीट ऐका.

पूर, अतिवृष्टी, गारपीट किंवा अंगावर वीज पडून जनावर गेलं, तर मदत महसूल खात्याकडून, म्हणजे तहसीलमधून मिळते. २०२२ ते २०२६ साठी ठरलेले दर असे: दुभती गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,००० रुपये, वासरू २०,००० रुपये, बकरी किंवा मेंढी ४,००० रुपये आणि कोंबडी १०० रुपये. मोठी दुभती जनावरं घरटी तीनपर्यंत आणि बकऱ्या तीसपर्यंत धरतात. २०२५ च्या अतिवृष्टीत राज्य सरकारने तीन जनावरांची अट काढली होती.

बिबट्याने किंवा दुसऱ्या वन्यप्राण्याने जनावर मारलं, तर मदत वनखातं देतं. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांच्या आसपासच्या बायांनी हे लक्षात ठेवावं. २०२२ च्या निर्णयाप्रमाणे गाय, म्हैस, बैल यांना बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. बकरीला ही मर्यादा १५,००० रुपये आहे. बघा, बकरी तीच, पण कारण बदललं की खातं बदलतं आणि रक्कमही बदलते. म्हणून पंचनाम्यात मृत्यूचं खरं कारण लिहिलंय का, ते वाचून मगच सही करा.

आजाराने मेलेल्या जनावराला यातलं काही लागू नाही. २०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा सरकारने वेगळा निर्णय घेऊन मदत दिली होती. एरवी आजारासाठी विमाच उपयोगी पडतो.

मग करायचं काय? पहिलं, जनावर लगेच पुरू नका, हलवू नका. मोबाईलवर फोटो काढा, त्यात कानातला बिल्ला दिसू द्या. दुसरं, तलाठी आणि पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवा. वन्यप्राण्याने मारलं असेल तर वनरक्षकाला ४८ तासांच्या आत कळवा, १९२६ या नंबरवरही फोन लागतो. तिसरं, पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना बोलावून शवविच्छेदन करून घ्या. चौथं, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स द्या आणि अर्जाची पोच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराला भरपाई नाही. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो आणि त्या नंबरावर मालकाचं नाव चढतं. बकरी तुम्ही गटाच्या पैशातून घेतली, चारा-पाणी तुम्ही करता, मग नाव तुमचंच लागलं पाहिजे. नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं असेल, तर मदत त्यांच्या खात्यावर जाईल आणि कर्ज तुमच्या नावावर राहील.

येत्या मासिक बैठकीत एक काम करू. प्रत्येकीच्या जनावराचा बिल्ला नंबर आणि त्यावरचं नाव गटाच्या रजिस्टरात लिहू. ज्यांच्या जनावरांना बिल्ला नाही, त्या सगळ्या मिळून दवाखान्यात जाऊ. पावसाळ्याआधी हे झालंच पाहिजे.